आपलें नांव, आपला अंगठा आणि शेजाऱ्याचा विश्वास

"विश्वास तर पानपतांत गेला," असें आपल्या देशांत लोक थट्टेनें म्हणतात. कोणी "माझ्यावर विश्वास ठेवा" असें म्हटलें कीं ऐकणारा हसून हें उत्तर देतो. म्हणींत शब्दाचा खेळ आहे. कारण १४ जानेवारी १७६१ रोजीं पानपतच्या रणांगणावर पेशव्यांचा वडील मुलगा विश्वासराव हा खरोखरच पडला. परंतु ह्या थट्टेच्या आड एक गंभीर प्रश्न दडलेला आहे, व तो आज आमच्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांपुढें येऊन उभा राहिला आहे. प्रीतीचें मन शंकेखोर नसावें, शेजाऱ्याविषयीं बरेंच चिंतावें, असें आम्ही शिकवीत आलों. आतां त्याच तोंडानें आम्ही सांगूं लागलों कीं, फोनवर बोलणाऱ्यावर भरंवसा ठेवूं नका, आपला गुप्त आंकडा कोणास कळवूं नका, अंगठा देतांना दोनदां पहा, तर साध्या मनाचा मनुष्य गोंधळून जातो. एका उपदेशकानें आम्हांस सरळच विचारिलें, "संशय धरणें हें पाप आहे कीं शहाणपण?" ह्या प्रश्नाचा विचार आज आपण मिळून करूं.

पानपतची गोष्ट निघालीच आहे, तर ती थोडी पुढें नेऊं. विश्वासरावाबरोबर सदाशिवराव भाऊही त्याच दिवशीं नाहींसे झाले. परंतु त्यांच्या मरणाविषयीं सर्वांची खात्री पटली नाहीं. त्यांची पत्नी पार्वतीबाई ही आपले पति जिवंत आहेत ह्या आशेवर पुढें कित्येक वर्षें सौभाग्यवतीप्रमाणें राहिली. अशांत भाऊसाहेबांशीं साम्य असलेला एक कनोजी ब्राह्मण "मीच तो भाऊ" असें म्हणत पुढें आला. चौकशींत तो तोतया ठरला व कैदेंत पडला. पण १७७६ सालीं, म्हणजे लढाईनंतर पंधरा वर्षांनीं, रत्नागिरीस कैदेंत असतांना तेथील अंमलदारच त्यास मिळाला. तोतया मोकळा झाला, कोंकणांत हजारों लोक त्याच्या निशाणाखालीं जमले, आणि किल्ले त्याच्या हातीं येऊं लागले. शेवटीं आंग्र्यांनीं त्यास धरिलें, व त्याच वर्षीं पुण्यास त्यास देहान्त शिक्षा झाली.

आतां विचार करा: ज्यांनीं त्यास मुजरे केले ते सगळे मूर्ख होते काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. भाऊ परत यावेत अशी पुष्कळांच्या मनांत इच्छा होती. तोतया बाहेरून आला खरा. पण त्याच्यासाठीं आंतून कडी काढणारी ती इच्छा होती. फसविणारा नेहमीं असाच येतो. भिंत फोडून तो येत नाहीं. आपल्याच अंतःकरणाचें एखादें दार तो ठोठावितो, आणि तें आपणच उघडितों.

अशीं दारें मुख्यत्वेंकरून चार आहेत: आशा, भय, लोभ व प्रीति. शेतकऱ्याच्या मोबाईलवर निरोप येतो कीं, "तुमचा सरकारी हप्ता अडकला आहे, येथें बोट दाबा." हें आशेचें दार. दुसऱ्यास पोलिसाच्या पोषाखांतील मनुष्य पडद्यावर दिसतो व दरडावून सांगतो, "तुमच्या आधारकार्डावर मोठा गुन्हा दाखल आहे, फोन बंद करूं नका, घरांतील माणसांसही सांगूं नका, नाहींतर अटक होईल." हें भयाचें दार. वास्तविक फोनवरून अटक करण्याची रीत आपल्या देशाच्या कोणत्याही कायद्यांत नाहीं. पंतप्रधानांनीं २७ आक्टोबर २०२४ रोजीं आकाशवाणीवरील आपल्या भाषणांत हेंच सांगितलें, व अशा वेळीं आधीं थांबावें, मग विचार करावा, आणि नंतर कृति करावी असा उपदेश केला. तिसऱ्यास सोडत लागल्याची बातमी येते. तें लोभाचें दार. आणि चौथ्यास एखादी लग्नपत्रिका येते, ती उघडतांच मोबाईलांत चोर शिरतो. किंवा "मामा, मी दवाखान्यांत आहें, लवकर पैसे पाठवा" असा आर्जवी शब्द ऐकूं येतो. हें प्रीतीचें दार होय, व तेंच उघडणाऱ्याची आम्हांस सर्वांत अधिक कींव येते.

दुसऱ्याचें नांव व रूप घेऊन फसविण्याची जी गोष्ट आपणां सर्वांस लहानपणापासून ठाऊक आहे, ती इसहाकाच्या घरची होय. म्हाताऱ्याची दृष्टि गेलेली. धाकटा मुलगा थोरल्याचीं वस्त्रें लेऊन व हातांस करडांचें कातडें बांधून जवळ आला. म्हाताऱ्यास संशय आला नाहीं असें नाहीं. शिकार इतक्या लवकर कशी मिळाली असें त्यानें विचारिलें, आवाज ओळखिला, जवळ बोलावून हात चांचपिले. त्याच्या कानांनीं त्यास खरें तेंच सांगितलें होतें. पण हातास लागलेल्या केंसांनीं व कपड्यांच्या वासानें तो शेवटीं वळला, आणि एकदां मुखांतून गेलेला आशीर्वाद परत आला नाहीं. त्याची चूक संशय घेण्यांत नव्हती. आलेला संशय पुरता न फेडितां पुढें जाण्यांत होती. घरांतील एखाद्या चाकरास हांक मारून "थोरला कोठें आहे तें पाहून ये" एवढें सांगण्यास कितीसा वेळ लागला असता? आणि त्या घरांत निदान आवाज तरी खरा होता. आतां यंत्राच्या साह्यानें मुलाचा किंवा भाच्याचा आवाजही हुबेहूब काढितां येतो. म्हणून अशा फोनवर "बरें, मी तुला तुझ्या नेहमींच्या नंबरावर फोन करितों" एवढें म्हणून फोन ठेवणें हा कोणाचा अपमान नव्हे. खरा भाचा रागावणार नाहीं, आणि खोट्याचा डाव तेथेंच मोडेल.

ह्या प्रश्नाची दुसरी बाजू आमच्या लोकांच्या अंगठ्याशीं निगडित आहे. १८५८ सालीं बंगाल्यांतील जंगीपूर येथें विल्यम हर्शेल नांवाच्या अंमलदारानें एका मक्तेदाराकडून करारावर सगळ्या पंजाचा ठसा घेतला. पुढें त्यानें "ही सही माझी नव्हे" म्हणूं नये एवढाच त्याचा हेतु होता. त्यांतून बोटांच्या ठशांची विद्या वाढली, व १८९७ सालीं कलकत्त्यास ठशांची कचेरी निघाली. म्हणजे अंगठा हा मूळचा खोटें अडविण्याचें साधन. परंतु ज्यास वाचतां येत नाहीं त्याचा अंगठा दुसऱ्याच्या हातीं गेला, तर तेंच साधन उलटतें. हें आमच्या दक्षिणेस शिकवावें लागत नाहीं. सावकारानें काय लिहिलें आहे हें न कळतां निशाणी केलेल्या खतांनीं किती घरें बुडालीं! १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें बाजारच्या दिवशीं शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले. त्यांस विशेषेंकरून हवे होते ते कर्जरोखे, व हातीं लागले ते त्यांनीं जाळिले. त्या दंग्यानंतर १८७९ सालीं पुणें, अहमदनगर, सोलापूर व सातारा ह्या चार जिल्ह्यांसाठीं कायदा झाला. त्यांत शेतकऱ्याचा दस्तऐवज गांवच्या निबंधकासमोर व्हावा, पोहोंचलेल्या पैशाची पावती द्यावी, आणि हिशेब दाखवावा, असें ठरलें. ज्यांनीं तो कायदा केला त्यांनीं सावकारांच्या मनांत कांहीं नवी प्रीति घातली नाहीं. परंतु साक्षीदार, पावती व हिशेब हे तिघे मध्यें उभे केले. दुर्बळाचें रक्षण करावयाचें तर असेच करावें लागतें.

आज तो अंगठा पुन्हा मोलाचा झाला आहे. २९ सप्टेंबर २०१० रोजीं आपल्याच नंदुरबार जिल्ह्यांतील टेंभली ह्या गांवीं देशांतील पहिलें आधारकार्ड देण्यांत आलें. त्या बारा आंकड्यांच्या मागें आपल्या दहाही बोटांचे ठसे व डोळ्यांच्या बाहुल्यांचें चित्र नोंदलेलें असतें. आतां गांवच्या केंद्रांत आधारचा आंकडा, बँकेचें नांव व बोटाचा ठसा एवढ्यावर पैसे निघतात. गुप्त आंकडा लागत नाहीं, सही लागत नाहीं. जिला एस. टी. नें तालुक्यास जाणें झेपत नाहीं अशा म्हातारीस ही मोठीच सोय आहे. परंतु ज्या किल्लीनें कुलूप उघडतें ती आपल्या बोटाच्या शेवटास आहे, हें तिला कोणी सांगितलें आहे काय? जमिनीच्या दस्तांवर उमटलेल्या ठशांवरून रबरी ठसे बनवून लोकांचे पैसे काढिल्याचे गुन्हेही आपल्या देशांत उघडकीस आले आहेत.

आमच्या ओळखीची एक विधवा बाई आहे. श्रावणबाळ योजनेचे पैसे आले कीं ती शेजारच्या पोराच्या केंद्रांत जाई. तो म्हणे, "आजी, ठसा नीट उमटला नाहीं, पुन्हा ठेवा." ती पुन्हा ठेवी. पहिल्या ठशाचे पैसे त्याच्या खिशांत जात, दुसऱ्याचे तिच्या हातांत. कित्येक महिन्यांनीं तिच्या पुतण्यानें पासबुक भरून आणिलें, तेव्हां हें उघडकीस आलें. ती रडली, पण म्हणाली, "पोरगा माझ्या मांडीवर खेळलेला, त्याचें नांव कसें घेऊं?" आणि आम्ही? आम्हीं तिला काय सांगितलें हें लिहितांना आम्हांस लाज वाटते. "आजी, जाऊं द्या, क्षमा करा, गांवांत तंटा नको," असें आम्हीं सांगितलें, व आपण फार चांगला सल्ला दिला असें मानून घरीं आलों. पुढें कळलें कीं, आम्ही गप्प असतांना त्याच केंद्रांत आणखी सहा घरांचे पैसे तसेच गेले, आणि त्यांतील एक घर अपंग मुलाचें होतें. तिला क्षमा करण्याचा हक्क होता. तो तिचा होता. पण त्या सहा घरांच्या वतीनें क्षमा करण्याचा हक्क आम्हांस कोणी दिला? क्षमा व मौन ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हें आम्ही त्या दिवशीं शिकलों.

आतां उपदेशकाच्या प्रश्नाकडे येऊं. आमच्या मतें, एखाद्या मनुष्याविषयीं वाईट चिंतणें निराळें आणि त्याच्या म्हणण्याची परीक्षा करणें निराळें. सोनार सोनें कसोटीवर घांसतो तो गिऱ्हाइकास चोर समजून नव्हे. उलट खऱ्या सोन्याची किंमत कसोटीनेंच ठरते. प्रीति आपल्या मालकीची वस्तु देऊन टाकिते. अंगरखा मागणाऱ्यास ती अंगरखा देईल. परंतु घराची किल्ली देणें हें औदार्य नव्हे, कारण त्या घरांत बायकामुलें निजलेलीं असतात. आपल्या नांवाचें खातें, आपला अंगठा, आपली सही ह्या वस्तु केवळ आपल्या एकट्याच्या नाहींत. त्यांच्या आधारावर मुलांची फी, बी-बियाणें व म्हाताऱ्यांचें औषध अवलंबून आहे. त्या राखून ठेवणें हा संशयखोरपणा नसून विश्वासूपणा होय.

मग व्यवहारांत काय करावें? सर्व नियम लक्षांत राहणार नाहींत. परंतु कांहीं गोष्टी प्रत्येकानें मनांत पक्क्या कराव्या. पैसे घेण्यासाठीं पिन कधींही लागत नाहीं, तो फक्त पैसे देतांना लागतो. म्हणून "तुम्हांस पैसे पाठवितों, पिन टाका" असें म्हणणारा मनुष्य चोर आहे, हें निश्चित समजावें. फोनवर येणारा ओटीपी म्हणजे त्या वेळेपुरती तयार केलेली किल्ली होय. ती बँकेच्या साहेबासही सांगावयाची नाहीं. अनोळखी ठिकाणाहून आलेली पत्रिका, पावती किंवा योजनेचा कागद मोबाईलावर उघडूं नये, मग त्यावर कोणाचेंही चित्र असो. आधारची झेरॉक्स देणें भाग पडल्यास तिजवर कोणत्या कामासाठीं व कोणत्या तारखेस दिली हें आडवें लिहावें. जेथें चालेल तेथें शेवटचे चारच आंकडे दिसणारी प्रत द्यावी. आपल्या बोटांच्या ठशांस आधारच्या संकेतस्थळावरून कुलूप घालितां येतें, व काम पडेल तेव्हां तें काढितां येतें. ह्याविषयीं १९४७ ह्या क्रमांकावर विचारपूस होते, व हा आंकडा विसरण्याजोगा नाहीं. आपल्या नांवावर किती सिमकार्डें चालू आहेत हें सरकारच्या संचार साथी ह्या संकेतस्थळावर पाहतां येतें. केंद्रांत अंगठा दिल्यावर छापील पावती मागावी, आणि दर महिन्यास पासबुक भरून घ्यावें. १८७९ सालीं जें साक्षीदार, पावती व हिशेब ह्यांचें बळ होतें तेंच आजही आहे.

येथें आमच्या उपदेशकांस व शिक्षकांस एक शब्द सांगणें अवश्य आहे. खेड्यांत वाचतां येणाऱ्यावर लोक फार भार टाकितात. "मास्तर, तुम्हीच पहा," असें म्हणून म्हातारी आपला मोबाईल, एटीएमचें कार्ड व त्यावर चिकटविलेली पिनची चिठ्ठी तुमच्या हातीं देते. तिच्या दृष्टीनें हा मान आहे. पण तुमच्या दृष्टीनें ती परीक्षा आहे. तुमचें मन निर्मळ असलें तरी दुसऱ्याची पिन जवळ बाळगूं नका. तुमच्याकडे पंधरा जणांच्या किल्ल्या असल्या, आणि त्यांतील एकाचे पैसे गेले, तर तुमच्या निर्दोषपणाचा पुरावा तुम्ही कोठून आणाल? तिला स्वतः करावयास शिकवा, मग त्यास चार दिवस अधिक लागोत; किंवा तिच्या घरच्या माणसादेखत करा, व पावती तिच्याच हातांत द्या.

आणखी एका पापाविषयीं बोललेंच पाहिजे, कारण तें तरुणांत पाप म्हणून ओळखलेंही जात नाहीं. कोणी येऊन म्हणतो, "तुझें बँकेचें खातें महिनाभर मला वापरावयास दे, चार हजार रुपये देतों." मुलगा म्हणतो, "मीं कोणाचें कांहीं चोरलें नाहीं, फक्त खातें दिलें." परंतु त्याच खात्यांतून कोणा विधवेचे लुबाडलेले पैसे वाहून जातात, आणि तपास लागतो तेव्हां पोलीस प्रथम त्याच्याच दारीं येतात, कारण नांव त्याचें असतें. चोराला शिडी भाड्यानें देणारा "मीं घर फोडिलें नाहीं" असें म्हणाला तर कोणी ऐकेल काय? आपलें नांव हें भाड्यानें देण्याची वस्तु नाहीं. तें बापानें ठेविलें, आईनें हांक मारून घरोघर नेलें, आणि आपल्या मागें मुलांस राहणार तेंही तेंच.

आतां ज्याची फसगत झाली त्याच्याविषयीं. गांवांत अशा मनुष्यास लोक हसतात. "शिकला सवरला असून कसा फसला?" असें म्हणतात. ह्या हसण्याचा परिणाम एवढाच होतो कीं, पुढच्या वेळीं फसलेला मनुष्य तोंड दाबून बसतो, आणि चोरास पळण्यास अवधि मिळतो. वास्तविक पहिल्या कांहीं तासांतच पैसे अडविण्याचा संभव अधिक असतो. १९३० ह्या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा, बँकेस कळवावें, व पोलिसांत तक्रार लिहून द्यावी. रिझर्व्ह बँकेनें ६ जुलै २०१७ च्या आज्ञापत्रांत असा नियम घालून दिला कीं, बँकेची चूक नाहीं व गिऱ्हाइकाचीही चूक नाहीं, तिसऱ्यानेंच पैसे काढिले, आणि गिऱ्हाइकानें बातमी मिळाल्यापासून कामाच्या तीन दिवसांत कळविलें, तर नुकसान त्याच्यावर पडूं नये. स्वतः गुप्त आंकडा सांगितला असला तरी कळविल्यानंतर होणारें नुकसान बँकेचें. म्हणजे लाजेचा एकेक दिवस पैशांत मोजावा लागतो. दुसऱ्याची सही, पासवर्ड किंवा ओळखचिन्ह कपटानें वापरणाऱ्यास २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-सी ह्या कलमानें तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. कायदा आहे, परंतु तक्रार करणारें तोंड उघडलें नाहीं तर तो कपाटांतच राहतो.

म्हणून ज्या घरीं असा प्रसंग आला असेल तेथें मंडळीनें प्रथम जावें, आणि हसण्यासाठीं नव्हे तर फोन लावून देण्यासाठीं जावें. चूक फसलेल्याची थोडी असेल. पाप फसविणाऱ्याचें आहे. ह्या दोहोंची अदलाबदल होऊं देऊं नये.

त्या विधवा बाईची गोष्ट आम्हीं अर्धीच सोडिली. शेवटीं ती, तिचा पुतण्या व त्या सहा घरांतील माणसें मिळून तालुक्यास गेलीं, व आम्हीही गेलों. पोराचें केंद्र बंद झालें. कांहीं पैसे परत आले, सगळे आले नाहींत. आजी आजही त्याच्या आईशीं बोलते. पण आतां ती दुसऱ्या केंद्रांत जाते, एकदांच अंगठा ठेविते, आणि हात पुढें करून म्हणते, "बाळा, पावती दे." केंद्रवाला मुलगा हसून पावती देतो. तिचा त्याच्यावर विश्वास नाहीं असें कोणी म्हणत नाहीं. आणि त्या कागदामुळें त्याच्याही प्रामाणिकपणाची साक्ष राहते. संशय पाप कीं शहाणपण ह्या प्रश्नाचें आमचें उत्तर ह्या पावतींत आहे. येत्या आठवड्यांत ज्यांस वाचतां येतें त्यांनीं हा लेख निदान एका न वाचणाऱ्या शेजाऱ्याजवळ बसून वाचून दाखवावा, आणि त्याचें पासबुक कधीं भरलें होतें एवढें विचारावें.